आईचा पदर आणि सहा पॉइंट

फोटो रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने वरून काढलेला आहे, पुढच्या काचेतून थेट आत. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, माझा पट्टा खांद्यावरून नीट खाली आलेला. शेजारी आई. मांडीवर चिवड्याचा डबा, नजर बाहेर, आणि सीटबेल्ट डाव्या काखेखालून गेलेला. साडीसुद्धा मी ओळखली. बाबांनी तिच्या साठीला घेतलेली नारायणपेठ.

फोटोबरोबरच्या नोटिशीत 400 डॉलरच्या वर दंड आणि 6 डिमेरिट पॉइंट. पट्टा आईचा, पॉइंट माझ्या लायसन्सवर.

इथे न्यू साउथ वेल्समध्ये पूर्ण लायसन्स असलेल्याला 3 वर्षांत 13 पॉइंट लागले की लायसन्स निलंबित होतं. पट्ट्याचे एरवी 3, पण ऑक्टोबरमधल्या लेबर डेच्या सुट्टीत दुप्पट मोजतात, आणि आम्ही नेमके त्याच शनिवारी सिडनीहून किआमाला निघालो होतो. 1 जुलै 2024 पासून चालकाच्या हातातला मोबाइल टिपणारे कॅमेरे पट्टेही तपासायला लागले हे मला माहीत होतं. फोटो आधी संगणक चाळतो, संशय आलेले तेवढे माणूस बघतो. म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून माझ्या आईकडे निरखून बघितलं आणि ठरवलं की हिचं चुकलंय. मला सगळ्यात आधी राग आला तो त्याचा.

पट्टा लावलेला होता हो! बक्कल खट्ट करून बसलेलं मी स्वतः ऐकलं होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, पहिल्यांदा परदेशात आलेली, तिला काय कळणार काखेखालून आणि काखेवरून?

साडी नेसणाऱ्या बाईला पुढच्या सीटवरचा पट्टा का नकोसा होतो, हे त्या फोटो बघणाऱ्याला कोण सांगणार? इथली गाडी आपल्यासारखीच, स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे शेजारी बसणारी डावीकडे आणि तिचा पट्टा डाव्या खांद्यावरून. आपला पदरही डाव्या खांद्यावर. चापूनचोपून पिन लावलेल्या पदरावर बरोबर तो पट्टा येतो. पिन टोचते, निऱ्या चुरगळतात, मंगळसूत्राच्या वाट्या छातीत रुततात. मग आई हळूच तो हाताखालून घेते. ठाण्यातही घेते. माझ्या तिन्ही मावश्या घेतात. हॉलवर उतरताना पदर जागच्या जागी असला पाहिजे, हे वळण त्यांना कुठल्याही कायद्याच्या आधीपासून आहे.

त्या रात्री मी हे सगळं इंग्रजीत लिहून काढलं. दंड माफ करा, हा आमच्या पेहरावाचा प्रश्न आहे, तुमच्या कॅमेऱ्याला साडी कळत नाही, असं दोन पानं भरून. आणि पाठवलं नाही.

पाठवलं नाही कारण लिहिता लिहिता काखेखालच्या पट्ट्याने नेमकं काय होतं ते वाचत गेले. तीन जागी अडकणारा आजचा पट्टा 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने बनवला. त्याआधी तो साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा, म्हणजे धक्का शरीराच्या कुठल्या भागाने झेलायचा याचा त्याला अभ्यास होता. पट्ट्याची वाट त्याने हाडांवरून आखली: खांदा, छातीचा पिंजरा, कमरेचं हाड. तोच पट्टा काखेखालून घेतला की सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्या मागे उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. व्होल्वोने ते पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं करून दिलं, म्हणून तो पट्टा आज माझ्या गाडीत आहे आणि बाबांच्याही. मी मात्र आईच्या यकृतावर बांधलेल्या पट्ट्यासाठी सवलत मागायला निघाले होते.

आणि मामा आठवला. पुढचं मामाला विचारून लिहितेय.

2011 साली मामा-मामी नाशिकहून ठाण्याला येत होते. गाडी मामाचा मित्र चालवत होता. मामी पुढे, पट्टा लावून. मामा तिच्या बरोबर मागे, पेंगत, पट्ट्याशिवाय. पडघ्याजवळ रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, मागचे दिवे बंद. मामा उडाला तो मामीच्या सीटवर आदळला. त्याच्या कपाळाला टाके पडले आणि खांदा निखळला, महिन्याभरात तो हिंडायला लागला. मामीच्या मानेचं ऑपरेशन झालं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांत आजही जोर नाही, लाटणं धरता येत नाही.

मामीने पट्टा लावला होता. तिला जे लागलं ते मामाचं वजन लागलं. "ती एका शब्दाने बोलली नाही मला," मामा परवा फोनवर म्हणाला. "बोलली असती तर बरं झालं असतं." आमच्या घरात मागच्या सीटवर बसल्या बसल्या पट्टा शोधणारा तो एकटा आहे. लहान भाच्यांना वाटतं, मामा घाबरट आहे.

पट्टा लावायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, सरकारने त्यात पडू नये, असं म्हणणारे मला इथेही भेटतात आणि ठाण्यातही. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात मोठ्या माणसांना पट्ट्याची सक्ती नाहीच, आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. मला मामीची बोटं दिसतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबते तेव्हा आतला मोकळा माणूस सुमारे 10 मीटर उंचीवरून पडल्याइतक्या वेगाने पुढे जातो. पाचपाखाडीतली आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी साधारण तेवढ्या उंचीवर आहे. 80 ला तेच 25 मीटर होतात, म्हणजे आठवा मजला. पुढे बसलेल्या माणसावर कुणी आठव्या मजल्यावरून पडलं तर त्याला वैयक्तिक निवड कसं म्हणायचं?

मागच्या सीटचा कायदा आपल्याकडे नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 138 (3) मध्ये पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटही येतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 194 ब हे कलम तर जवळजवळ इथल्यासारखंच बोलतं: स्वतः पट्टा न लावता चालवणारा आणि पट्टा न लावलेले प्रवासी नेणारा, दोघांना 1,000 रुपये दंड. म्हणजे प्रवाशाची जबाबदारी आपल्याकडेही चालकावर आहेच. वाचून मला बरं वाटलं. आपल्या कायद्याला अक्कल नाही असं इथल्या पार्ट्यांमध्ये सर्रास बोलतात आपलेच लोक, त्यांना आता मी हे कलम दाखवते.

पण 2023 च्या डिसेंबरात ठाण्याला आले तेव्हाचंही लिहिलं पाहिजे. विमान रात्री अडीचला उतरलं. टॅक्सीत मागे बसले आणि सवयीने हात बाजूला गेला. पट्टा होता, बक्कल नव्हतं. नव्या कोऱ्या रेक्झिनच्या सीट कव्हरखाली ते कुठेतरी गाडलेलं होतं. ड्रायव्हरदादा म्हणाले, "मागे नाही लागत मॅडम." मी थोडा वेळ कव्हरच्या कडेतून बोटं घालून चाचपलं आणि घाटकोपर यायच्या आत सोडून दिलं. पाच वर्षांचा मुलगा मांडीवर झोपला होता. सिडनीत सात वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या खास सीटशिवाय मी गाडीत बसवूच शकत नाही. आणि त्या टॅक्सीत तो मांडीवर, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे रिकामा, गाडी सुसाट. मुलुंड चेकनाका आल्यावर घरी आल्यासारखं वाटून डोळे भरून आले, ते मला आठवतं. मुलाला दोन्ही हातांनी घट्ट धरलंय म्हणजे तो सुरक्षित आहे, असं मी तेव्हा मनापासून मानलं होतं.

2022 साली आपल्या देशात पट्टा न लावलेले 16,715 जण रस्त्यावरच्या अपघातांत गेले, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले 8,331 प्रवासी, जवळजवळ निम्मे. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात गेले. गाडीतले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, 1 नोव्हेंबरपासून मागच्या पट्ट्याचीही सक्ती. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या आठवड्यात हाच विषय होता. पुढच्या आठवड्यात दिवाळीचे फोटो सुरू झाले होते.

मला वाटतं, आपल्याकडे पट्टा लागत नाही तो भीडेपोटी. काका गाडी चालवत असताना मागे बसलेल्या पुतण्याने पट्टा ओढला तर काकांना वाटतं, याचा माझ्या हातावर विश्वास नाही. नव्या सुनेने सासूबाईंना "पट्टा लावा" म्हणायचं कसं? जावई आला की त्याच्यासमोर कव्हर उचकटून बक्कल शोधायचं? पाहुण्याला सूचना करणं हेच आपल्याला उद्धट वाटतं. म्हणून कायदा हवा, आणि तो अमलात आलेला दिसायला हवा. म्हणजे सुनेला म्हणता येतं, "आई, हल्ली पकडतात हो." तिचं म्हणणं तिचं राहत नाही, कुणाचा अपमान होत नाही, आणि पट्टा लागतो. मोठ्यांच्या तोंडून न काढता येणारा होकार कायदा काढून देतो.

इथली माणसं जन्मतःच शिस्तीची, हे मात्र मला मान्य नाही. आमच्या शेजारचे आजोबा सत्तरीच्या पुढचे, सगळं आयुष्य इथेच गेलेले. ते सांगतात, लहानपणी ते गाडीच्या मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून प्रवास करायचे, आणि पट्टे आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते सीटच्या फटीत कोंबून टाकले होते. अगदी आपल्या कव्हरांसारखं. जगात पहिल्यांदा पट्ट्याची सक्ती केली ती इथल्याच व्हिक्टोरिया राज्याने, 22 डिसेंबर 1970 ला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात रस्त्यांवर 3,798 माणसं गेली होती. आज लोकसंख्या दुपटीहून जास्त आहे आणि आकडा बाराशे-तेराशेच्या आसपास असतो. एकट्या पट्ट्यामुळे नाही, दारू पिऊन चालवण्यावरची तपासणी, बरे रस्ते, बऱ्या गाड्या, सगळंच. पण त्यांना पन्नास वर्षं मिळाली, आणि त्यांच्याकडे घरटी गाडी होती. आपल्या ठाण्यात माणूस रिक्षाने स्टेशनला जातो आणि दाराला लटकून कामाला जातो. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली तेव्हा इथल्या सहकाऱ्याने मला विचारलं, "गाडीची दारं उघडीच कशी?" मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याने विचारलेलं आवडलंही नाही. मी त्याच फास्ट लोकलने सहा वर्षं व्हीटीला गेलेय. ज्या माणसाने सकाळी जीव मुठीत धरून डबा पकडला, त्याला रविवारी भाच्याच्या गाडीत मागे पट्टा लाव म्हटलं तर तो हसणारच. त्याच्या हसण्याचा मला राग येत नाही. तरी त्याने लावावा असं वाटतं.

नोटीस मी आईपासून लपवणार होते. तिने फोटो टेबलावर पाहिला. दंडाच्या आकड्यावर ती काहीच बोलली नाही. पॉइंट म्हणजे काय ते मात्र दोनदा विचारलं. "म्हणजे माझ्यामुळे तुझं लायसन्स जाईल? मग मुलाला शाळेत कोण सोडेल?" स्वतःच्या जिवासाठी जिने कधी पदर हलवला नाही, तिने दुसऱ्या दिवशी पिन मागे, पाठीकडे सरकवली. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. मी तिला उजवीकडे, माझ्या मागे बसून बघायला सांगितलं, तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि पदर मोकळा राहतो. बसून बघितलं आणि पुन्हा पुढे आली. म्हणाली, मागून तुझ्याशी बोलता येत नाही. विमानतळावर सोडायला गेले त्या दिवशी मी किल्ली फिरवायच्या आधी तिचा पट्टा लागलेला होता.

गेल्या रविवारी ठाण्याहून फोन आला. बाबांना घेऊन ती सीट कव्हरवाल्याकडे गेली होती. तो म्हणाला, असं कुणी मागत नाही मावशी, कव्हरचा लूक जाईल. तिने तिथे उभं राहून त्याच्याकडून चिरा पाडून घेतल्या, दोन्ही बाजूंना. आता घोडबंदरला ताईकडे जाताना ती मागे बसून पट्टा लावते आणि बाबांनाही लावायला लावते. मधल्या सीटचं बक्कल कव्हरखाली कुठे गेलंय ते अजून सापडलेलं नाही. मामा शनिवारी येऊन शोधणार आहे.