इसेबानिया ते इकोमा

केनिया आणि टांझानिया अशा दोन सफारी पाठोपाठ करायच्या ठरल्या की नकाशा बघून प्रत्येक जण मला, म्हणजे टूर लीडरला, एकच गोष्ट विचारतो. केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत, मग मधला अख्खा दिवस प्रवासात कशाला घालवायचा?

प्रश्न रास्त आहे. मारातून सीमेजवळची सँड रिव्हर नदी ओलांडली की पलीकडे सेरेंगेटीच लागतं. पण १९७७ साली पूर्व आफ्रिकी देशांचा संघ मोडला आणि केनिया-टांझानिया सीमा बंद झाली. काही वर्षांनी सीमा उघडली, तरी सँड रिव्हरची वाट पर्यटकांना बंदच राहिली. त्यामुळे माराच्या पश्चिम टोकाकडून बाहेर पडायचं, ओलोलोलोचा चढ चढून लोल्गोरियन, केहांचा ही गावं करत सीमेवरच्या इसेबानियाला यायचं, पलीकडे सिरारीला टांझानियात शिरायचं आणि मग पुन्हा पूर्वेकडे वळायचं. नाक्यावर गाडीही बदलते आणि गाईडही, कारण केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही. केनियातल्या मिगोरी आणि टांझानियातल्या तारिमे इथल्या धावपट्ट्या वापरून विमानानेही हे जमतं. पण छोट्या विमानात माणशी पंधरा किलोची मऊ बॅग चालते आणि खर्चही बराच वाढतो. आमचा ग्रुप साठीच्या आसपासचा, सामान भरपूर, म्हणून रस्ताच घेतला होता.

या मधल्या दिवसाच्या आखणीवरून ऑफिसात आमची बरीच वादावादी झाली होती. माझं म्हणणं असं की त्या रात्री मुक्काम सेरेंगेटीच्या आत नको, इकोमा गेटच्या बाहेर हवा. सेरेंगेटीचा परवाना चोवीस तासांचा असतो आणि गेटमधून आत गेल्या क्षणापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. संध्याकाळी दमून आत शिरायचं म्हणजे त्या चोवीस तासांतली रात्र झोपण्यात घालवायची. शिवाय गेट सहाला बंद होतं. मध्ये एक देशाची सीमा असताना सहाच्या ठोक्यावर सगळी भिस्त ठेवणं मला पटत नव्हतं. ऑफिसचं म्हणणं, माहितीपत्रकात ‘सेरेंगेटीच्या कुशीत मुक्काम’ असं लिहिलं की बुकिंग होतं, ‘गेटबाहेर’ लिहिलं की लोक फोन करून कारण विचारतात. शेवटी गेटबाहेरची रात्र राहिली.

पुण्यातल्या टूरपूर्व बैठकीत एसटीतून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. बाकीचे कॅमेरा आणि जेवणाबद्दल विचारत होते. त्यांनी विचारलं, “पलीकडच्या गाडीचा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठं झोपणार?” मी सांगितलं, तारिमेला. टांझानियातल्या अरुशाहून दोन गाड्या आदल्या दिवशीच सिरारीजवळ येऊन थांबणार. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

तो दिवस ऑगस्टमधला. पहाटे अंधारात डबे बांधून मारा ट्रँगलमधल्या, म्हणजे माराच्या पश्चिम भागातल्या, कॅम्पमधून निघालो. रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नऊ वाजता मारा नदीचा काठ सोडायचा, मग समोर काहीही असो. जुलै ते डिसेंबर परदेशी पर्यटकाला माराचं दिवसाचं शुल्क दोनशे डॉलर आहे. शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडलं नाही तर आणखी एका दिवसाचं भरावं लागतं.

साडेसातला वायरलेसवर निरोप आला आणि आम्ही काठाकडे गेलो. पलीकडच्या उतारावर नदी ओलांडायला विल्डबीस्टचा, म्हणजे थोराड आफ्रिकी हरणांचा, कळप दाटला होता, मागून आणखी रांगा येतच होत्या. गाड्यांनी काठापासून लांब थांबायचं, जनावरं पाण्यात उतरेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम ट्रँगलमध्ये कडक पाळला जातो. एक झेब्रा पुढचे दोन पाय पाण्यात घालून उभा राहिला. तो कान टवकारून आमच्या बाजूचा काठ न्याहाळत होता. मागून रेटा वाढला की कडेची माती ढासळायची, दोन-चार जनावरं घसरत पाण्यापर्यंत यायची. मग कुठंतरी काहीतरी बिनसायचं आणि सगळा कळप एकदम मागं उधळायचा. धूळ खाली बसेपर्यंत पुन्हा तेच तोंड, तीच गर्दी. असं तीनदा झालं. आमच्या गाडीत कोणी शब्द बोलत नव्हतं.

नऊ वाजले. झेब्रा पुन्हा पाण्यात उभा होता.

नाशिकचे एक काका खास या टूरसाठी मोठी लेन्स घेऊन आले होते. ते म्हणाले, “ताई, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं द्या.” मी त्यांना म्हटलं, “काका, हा कळप दहा मिनिटांत उतरेल किंवा संध्याकाळपर्यंत उतरणार नाही. हे गाईडलाही सांगता येत नाही.” गाईडने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्याने गाडी सुरू केली. ओलोलोलो गेटपर्यंत पाऊण तास मागच्या सीटवरून एक अवाक्षर आलं नाही. मला त्यांचं वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. पण गाडीत त्यांच्यासारखी आणखी माणसं होती आणि पुढे एक अख्खा देश बाकी होता.

चढ चढून वर आलं की गवत संपतं आणि मक्याची, तंबाखूची शेतं सुरू होतात. पुढे केहांचाकडे कुरिया लोकांचा मुलूख लागतो. आमचा गाईड तिथलाच. त्याची निम्मी भावकी सीमेच्या पलीकडे तारिमेत राहते. इसेबानियाला पोचता पोचता त्याच्या फोनवर टांझानियाच्या ऑपरेटरचा निरोप आला: दोनपैकी एकच गाडी सिरारीला उभी आहे. दुसरीच्या स्प्रिंगचा पाटा वाटेतल्या मुगुमू गावाच्या अलीकडे तुटला, ती आज येत नाही.

नाक्यावरचे सोपस्कार मात्र बिनबोभाट झाले. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत बसतात. व्हिसाचे कागद आणि यलो फीव्हरची मूळ पुस्तकं मी आधीच जमा करून क्रमाने लावली होती. हे पुस्तक परतीला मुंबईतही दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची पाळी येते. चिवडा, दशम्या, मेतकूट सगळं कापडी पिशव्यांत होतं. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून हे सामान पुण्यातच बदलून घेतलं होतं.

ग्रुप चहा पीत बसला तेव्हा दोन्ही गाईडना मी एका बाजूला बसवलं. हा अर्धा तास मी कधीच सोडत नाही. आपल्या लेखी या दोन टूर असल्या तरी प्रवाशाच्या लेखी तो एकच प्रवास असतो. दुसऱ्या गाईडला पहिल्या गाईडचं माहीत नसेल तर तो पहिल्या सकाळी झेब्र्यापाशी वीस मिनिटं थांबतो आणि मागची माणसं जांभया देतात. माझ्या कागदावर लिहिलं होतं: सिंह भरपूर, चित्ता दोनदा, गेंडा फार लांबून, बिबट्या नाही. सांगलीच्या काकूंना गाडी लागते, त्या पुढे. उजवा गुडघा दुखणारे दोघे, त्यांना दाराजवळची जागा. नाशिकच्या काकांना खिडकी. दोघं स्वाहिलीत एकेक ओळ बोलत पुढे सरकत होते. नदीचा प्रसंग ऐकल्यावर टांझानियाचा गाईड म्हणाला, हवं तर उद्या उत्तरेला कोगाटेंडेला नेतो, तिथं याच नदीवर कळप मिळतील. मी नको म्हटलं. त्यासाठी एक दिवस मोडला असता आणि तो पुढच्या न्गोरोंगोरो विवरातून काढावा लागला असता, जिथं गेंडा जवळून दिसण्याची खरी आशा होती. बिबट्यासाठी सेरेंगेटीतल्या सेरोनेरा नदीच्या काठची झाडं होती. ताराँगिरे उद्यानात कोरड्या दिवसांत नदीवर हत्ती जमतात, ते होतं. एका सफारीत राहून गेलेलं भरून काढायला दुसरी सफारी वापरली की दोन्ही अर्धवट राहतात, असं मी फार वेळा पाहिलंय.

ऑपरेटरने तारिमेहून एक भाड्याची कोस्टर मिनीबस मागवली. उद्यानात न्यायची असती तर ही गाडी चाललीच नसती, तिथं पर्यटनाचा परवाना असलेली गाडी लागते. आमचा मुक्काम बाहेर असल्यामुळे प्रश्न फक्त सुरक्षितपणे पोचण्याचा होता. एसटीवाले काका काही न सांगता उठले, गाडीभोवती फिरले, सगळ्या टायरांवर हात फिरवला, वाकून स्टेपनी पाहिली. मग मला म्हणाले, “त्याला विचार, काल रात्री गाडी चालवली का?” ड्रायव्हर रात्री घरी झोपला होता. काका म्हणाले, “मग बसू.” दुखऱ्या गुडघ्यांचे दोघे आणि सांगलीच्या काकू लँड क्रूझरमध्ये, मी कोस्टरमध्ये. सिरारी सोडायला पावणेतीन झाले.

तारिमेच्या पुढे न्यामोंगोजवळ सोन्याच्या खाणीचे मातीचे डोंगर दिसतात. मुगुमूच्या बाजूला लाल धुळीचे पट्टे लागले. बंद पडलेली गाडी तिथेच एका गॅरेजपाशी होती, खाली मेकॅनिक झोपून काम करत होता. तिच्या ड्रायव्हरला पाणी आणि दशम्या देऊन पुढे निघालो. सहा वाजता आम्ही अजून रस्त्यातच होतो. इकोमाजवळच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गेट केव्हाच बंद झालं होतं आणि आमचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

जेवताना नाशिकचे काका माझ्याशी नेहमीसारखं बोलले. नदीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दुसरी गाडी मध्यरात्रीनंतर दुरुस्त होऊन आली. तिच्या ड्रायव्हरला मी सकाळी गाडी चालवू दिली नाही. ऑपरेटरला सांगून बदली माणूस बसवला. झोपण्याआधी ऑफिसला लिहिलं की मागोमाग येणाऱ्या बॅचसाठी सिरारीला तिसरी गाडी उभी हवी, मोकळी परत गेली तरी चालेल. माणशी खर्च किती वाढतो तो आकडाही सोबत दिला. सकाळी सहाला इकोमा गेटवर परवान्यांच्या रांगेत उभी असताना होकार आला. फक्त हा खर्च आधी पैसे भरलेल्यांकडून घ्यायचा नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ते मलाही मान्य होतं.