नव्या वाचनालयाची भिंत: आधी अंदाजपत्रक, मग रंग

बडोद्याला १९१० सालचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, म्हणजे कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. अशा शहरात नव्या वाचनालयाची दर्शनी भिंत कोरी राहू नये, असं मनापासून वाटतं.

कलाकार नकाशाच्या टप्प्यावरच निवडा. इमारत झाल्यावर बोलावलं, की मोक्याची जागा एसीच्या युनिटने नाहीतर पावसाच्या पाइपने अडवलेली असते. १० बाय ८ फुटांचं, इंचभर जाडीचं टेराकोटा काम साधारण ३५० किलो भरतं. तो भार इंजिनिअरला आधीच सांगा. रंगवायचं असेल तर नव्या प्लास्टरला पाणी मारून झाल्यावर ते पूर्ण वाळू द्या, निदान २८ दिवस. घाई केली की आतली ओल बाहेर येते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. उघडी पश्चिम भिंत टाळाच. तिथे रंग लवकर विटतात.

पैशाचं म्हणाल तर बांधकाम खर्चाचा १ टक्का पहिल्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र धरा. ‘उरले तर बघू’ म्हटलं की काहीच उरत नाही. त्यातला दहावा हिस्सा देखभालीसाठी राखा. देणगीदाराचं नाव बाजूच्या पाटीवर असावं, चित्रात नको. कलाकाराला ३० टक्के आगाऊ, बाकी टप्प्याटप्प्याने. शेवटचे १० टक्के एक पावसाळा उलटल्यावर, भिंत तपासून.