माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या पोरांशी खेळावं

कोल्हापुरात माणूस आधी तालमीचा, म्हणजे आपल्या गल्लीच्या आखाड्याचा आणि क्लबाचा असतो, पेठेचा असतो, आणि मग कुठं शाळेचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू झाला की हे नीट कळतं. कुणी पाटाकडीलचा, कुणी खंडोबाचा, कुणी दिलबहारचा, कुणी बालगोपालचा. वयाची साठी ओलांडलेली माणसं उन्हात गॅलरीत बसून आपल्या तालमीच्या पोराला नावानं हाका मारतात. त्या पोराचे बूट कुणी घेतले, गुडघा दुखावला तेव्हा डॉक्टरकडं कुणी नेलं, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. पोरगं तालमीचं असतं, म्हणून त्याची काळजीही तालमीला असते.

शाळेच्या क्रिकेट टीमला अशी तालीम नाही. माजी विद्यार्थ्यांचा क्लब ही तिची तालीम व्हावी, एवढंच मला सांगायचं आहे आणि ते मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत असतो.

शालेय स्पर्धा कशा होतात ते आधी बघा. वयोगट ठरलेले, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील. सामने बाद पद्धतीचे. टीम पहिल्याच मॅचला हरली की वर्ष संपलं. नववीतला एखादा पोरगा वर्षभर नेटमध्ये घाम गाळतो, मॅचला सातव्या नंबरवर उतरतो, दोन बॉल खेळतो आणि पुढच्या वर्षी दहावी म्हणून घरचे त्याचं किट माळ्यावर टाकतात. त्याला खेळता येत होतं की नाही, हे कुणालाच कळत नाही. त्याला स्वतःलाही नाही. क्रिकेट नेटमध्ये अर्धंच कळतं. फिल्ड लावलेली असताना, स्कोअर बोर्डावर असताना, समोरचा बॉलर आपल्याला आउट करायला बघत असताना काय होतं, ते मॅचमध्येच कळतं.

म्हणजे पोरांना मॅच हव्यात आणि मॅचला समोर कुणीतरी लागतं. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट मी पोरांना एवढ्यासाठीच सांगतो. कोल्हापूरचा हा माणूस १९४८च्या डिसेंबरमध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून ४४३ वर नाबाद होता. ब्रॅडमनचा ४५२चा विश्वविक्रम नऊ रनांवर होता. काठेवाडच्या कॅप्टननं सामना सोडून दिला, टीम मैदानावर परतलीच नाही. भाऊसाहेब तयार होते, पण बॉल टाकायला समोर कुणी नव्हतं. प्रथम श्रेणीतला भारतीय फलंदाजाचा सगळ्यात मोठा डाव आजही तोच आहे आणि हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. पोरं हे ऐकतात तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत. आपल्या गावातला माणूस एवढा मोठा होता, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या क्लबात सुरुवातीला सगळे आपापसातच खेळायचे. बॅचविरुद्ध बॅच, रंगीत जर्सी, टर्फवर रात्रीच्या लाइटात टेनिस बॉल, शेवटी करंडक आणि ग्रुप फोटो. मित्र भेटतात, त्यात वाईट काहीच नाही. पण शाळेला त्यातून काय मिळालं? शाळेच्या स्टोअर रूममध्ये पॅडच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या आणि ग्लोव्ह्ज घामानं कडक झाले होते. आमच्या करंडकाच्या खर्चात लहान मापाची दोन किट आली असती.

इंग्लंडमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांसाठी १९६७ पासून द क्रिकेटर कप नावाची स्पर्धा भरते. रेप्टन पिलग्रिम्स, हॅरो वाँडरर्स अशी त्या टीमची नावं. स्पर्धा मानाची, पण ती मोठ्यांनी मोठ्यांशी खेळायची. मला कोलंबोतली रीत जास्त पटते. तिथं रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस या दोन शाळांमधली मॅच १८७९ पासून चालत आली आहे. मैदानात शाळेची पोरं उतरतात आणि माजी विद्यार्थी तंबूत बसून त्यांच्यासाठी घसा फोडतात. आपल्याकडं तालमी हेच करतात, म्हणून कोल्हापूरला हे नवीन वाटायला नको.

आता आम्ही दसऱ्यानंतर, जमीन वाळली की सुरू करतो. खंडेनवमीला शाळेच्या स्टोअर रूममध्ये बॅटी, स्टंप, बॉल मांडून पूजा होते. नारळ पी.टी.चे सर फोडतात आणि त्यानंतर महिन्यातून एका रविवारी माजी विद्यार्थी विरुद्ध शाळा अशी मॅच होते. लेदर बॉल, पांढरे कपडे, पूर्ण फिल्ड.

सकाळी पहिलं काम पिचवर अंथरायच्या मॅटचं. मुरमाच्या पट्टीवर पाणी मारायचं, ते जिरलं की रोलर फिरवायचा, मग काथ्याची मॅट उलगडायची. ती इतकी जड की चौघांशिवाय हलत नाही. एका टोकाला खिळे ठोकून झाले की दुसऱ्या टोकाला सगळ्यांनी टाचा रोवून, मागं रेलून ओढायची आणि ओढलेली असतानाच एकानं खिळे मारायचे. त्यानंतर कडा. गुड लेंथला सुरकुती राहिली तर तिथं पडलेला बॉल एक तर घोट्याला येतो, नाही तर छातीवर. म्हणून शेवटी कॅप्टननं अनवाणी पायानं मॅटवरून एक फेरी मारायची. तळव्याला सैल जागा बरोबर कळते. हे आम्हाला आमच्या सरांनी शिकवलं, आता आम्ही पोरांना शिकवतो. बँकेत साहेब झालेला माणूसही त्या वेळी हातोडी घेऊन गुडघ्यावर बसलेला असतो आणि आठवीतलं पोरगं त्याला सांगतं, "काका, हितं अजून ढिल्ली हाय बघा."

गेल्या सीझनची एक ओव्हर मला विसरता येत नाही. आमच्यात एक अण्णा आहेत, उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. डावखुरे स्पिनर. पोट सुटलंय, पण बोटं अजून तशीच. समोर नववीतला पोरगा, टेनिस बॉलवर गल्लीत नाव कमावलेला. टेनिस बॉलवाल्या पोरांची एक खोड असते, पुढचा पाय लेगला काढून आडवी बॅट फिरवायची. पहिला बॉल मॅटवर पडून वळला, हा हुकला. दुसरा तसाच. तिसऱ्याला कड लागली, पण स्लिपमध्ये कॅच सुटला. अण्णा चालत अर्ध्या पिचपर्यंत आले आणि म्हणाले, "बाळा, बॉलकडं धावू नको. त्येला येऊ दे. पाय हितं टाक, डोकं बॉलवर." चौथा बॉल त्यानं नुसता अडवला. पाचवाही. सहावा थोडा पुढं पडला आणि तो कव्हरमधून गेला, सरळ बॅटनं, जमिनीलगत. टाळ्या सगळ्यात आधी अण्णांनी वाजवल्या. स्वतःच्या बॉलिंगवर फोर गेल्यावर एवढा खूश झालेला बॉलर मी दुसरा पाहिला नाही.

अशी ओव्हर नेटमध्ये मिळत नाही आणि आपल्याच वयाच्या टीमविरुद्धही मिळत नाही. तीस वर्षं बॉल वळवलेला माणूस समोर लागतो. आणि तो आपल्याच शाळेचा असला की बॉलिंग करता करता शिकवूनही जातो.

मुलींबद्दलही बोलायला हवं. कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. तिच्या गावातल्या शाळांत मुलींना नेट मिळायला काही अडचण असू नये. आमच्या रविवारच्या मॅचला दोघी-तिघी मुली येतात, त्यांतली एक विकेटकीपिंग करते आणि लेगच्या बाजूचा बॉल मोठ्या पोरांपेक्षा बरा पकडते असं मी म्हणेन. तिला तिच्या हाताच्या मापाचे ग्लोव्ह्ज अजून मिळालेले नाहीत.

तर या वर्षासाठी. पुण्या-मुंबईत, बाहेरच्या देशांत असलेल्या सगळ्यांना सांगणं आहे की करंडक आणि बॅनर पाठवू नका. लहान मापाचे पॅड, हेल्मेट आणि कीपिंगचे ग्लोव्ह्ज पाठवा. जुनी मॅट एका टोकाला उसवली आहे, तिचा खर्च तीन-चार बॅचनी मिळून उचलला तर दिवाळीआधी नवी येईल. जे गावात आहेत त्यांनी रविवारी सकाळी या. खेळणं होत नसेल तर अंपायर म्हणून उभे राहा, नाही तर स्कोअर लिहायला बसा, कारण पोरांना स्कोअरशीट भरताच येत नाही. आणि डावखुरा फास्ट बॉलर कुणी असेल तर त्यानं आधी मला फोन करावा. आमच्या ओपनरनी तसला बॉल अजून बघितलेलाच नाही.