सू माणसाचं ‘उर्फ’ किती लांब झालं असतं?

कचेरीच्या आवारात टेबल टाकून अर्ज लिहून देणं हा माझा धंदा, आणि त्यात सगळ्यात जास्त चालणारा माल म्हणजे ‘उर्फ’. टीसीवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, आधारवर तिसरंच. मग प्रतिज्ञापत्र करायचं: ‘वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.’ हे वाक्य मी झोपेतही टाईप करीन.

परवा उमरेडकडचे दोघे भाऊ आले. वडील गेले, फेरफार अडला. सातबाऱ्यावर डोमा, मृत्यूच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर. थोरला वैतागून म्हणाला, “बुढ्याले सारं गाव डोमाच म्हणे जी. ज्ञानेश्वर कोन म्हणून आमची मायच इचारते.”

असं काही आलं की मला हटकून अमेरिकेतले सू लोक आठवतात. पोरवयात सदरच्या टॉकीजमध्ये घोड्यावरचे ‘रेड इंडियन’ पाहिले तेव्हा सिटिंग बुल, क्रेझी हॉर्स ही नावं म्हणजे थट्टाच वाटायची. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की या माणसांचं एकही प्रकरण माझ्या टेबलावर सहज निघालं नसतं. (सू हे नावही त्यांचं स्वतःचं नाही, शेजाऱ्यांनी आणि फ्रेंचांनी चिकटवलेलं. ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणवतात.)

लाकोटांचा पुढारी सिटिंग बुलचंच घ्या. जन्म १८३१ च्या सुमाराचा. पोर प्रत्येक गोष्ट संथपणे करायचं म्हणून सगळे त्याला हुंकेश्नी म्हणत, म्हणजे सावकाश्या. चौदाव्या वर्षी क्रो टोळीवरच्या चढाईत त्याने शत्रूला गाठून पहिला हात लावला. त्यांच्यात शत्रूला मारण्यापेक्षा जिवंत शत्रूला हात लावून येण्याची किंमत मोठी. त्यावर बापाने त्याला स्वतःचं नाव देऊन टाकलं: ताटांका इयोटाके, ठाण मांडून बसलेला बायसनचा नर. आणि बापाने आपल्यासाठी दुसरं घेतलं, जंपिंग बुल. क्रेझी हॉर्सच्या घरीही हेच. ताशुंके वित्को, म्हणजेच क्रेझी हॉर्स, हे नाव आधी बापाचं. मुलाने ते कमावल्यावर बाप वाग्लुला झाला, म्हणजे किडा. आमच्याकडे बाप मरेपर्यंत सातबाऱ्यावरचं नाव सोडत नाही, आणि हे लोक नावच सोडून देत. यांच्या वारस नोंदीचा कागद तयार करायचा म्हटला तर मी त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही.

डाकोटांकडे आणखी एक पद्धत होती. जन्माच्या क्रमाने ठरलेली नावं. पहिला मुलगा चास्के, दुसरा हेपान, मग हेपी, चातान, हाके. पहिली मुलगी विनोना. मिनेसोटात त्या नावाचं शहर आहे आणि विनोना रायडर या नटीचं नाव त्या शहरावरूनच आलं. हे नाव बाळाला आपोआप मिळायचं, मोठेपणीचं नाव नंतर. घरात सोय छान, पण एका वस्तीत चास्के किती निघतील, विचार करा. १८६२ मध्ये डाकोटांचं अमेरिकी सरकारशी युद्ध झालं, त्यानंतर ३०३ डाकोटांना मृत्युदंड ठोठावला गेला. लिंकनने यादी तपासून बहुतेकांची नावं वगळली. २६ डिसेंबरला मिनेसोटातल्या मॅनकाटोत ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली, त्यात एक चास्के असा होता ज्याचं नाव लिंकनने यादीत ठेवलंच नव्हतं. लढाईत त्याने एका गोऱ्या बाईला आणि तिच्या लेकरांना सांभाळलं होतं. सारख्या नावामुळे गल्लत झाली, असं नंतर सांगण्यात आलं. नावातल्या एका वेलांटीसाठी मी गिऱ्हाइकाला परत पाठवतो तेव्हा लोक मला शिव्या घालतात. घालोत.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो डॉ. चार्ल्स ईस्टमन, कारण त्याने माझंच काम केलं. जन्म १८५८. त्याच्या जन्मापायी आई गेली म्हणून नाव पडलं हाकाडा, बिचारं शेंडेफळ. पोरं जगत नसली की आपल्याकडे दगडू, कचरू ठेवतात, तशातलं नाही हे. तिथे दृष्ट चुकवायची होती, इथे नुसतं दुःख. पुढे चेंडूच्या एका मोठ्या सामन्यात त्याची बाजू जिंकली आणि तो ओहियेसा झाला, जिंकणारा. चार्ल्स हे नाव बाप ख्रिस्ती झाल्यावरचं. डॉक्टरकी शिकून तो १८९० मध्ये पाइन रिज या लाकोटांच्या राखीव वस्तीत नोकरीवर आला आणि त्याच डिसेंबरात वूंडेड नी इथे सैन्याने केलेल्या लाकोटांच्या कत्तलीतले जखमी त्यालाच तपासावे लागले.

हाच माणूस १९०३ पासून १९०९ पर्यंत सरकारसाठी सू लोकांना आडनावं लावत होता. कारण जमीन. १८८७ च्या कायद्याने टोळीची सामाईक जमीन फोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर असे तुकडे पाडायचे ठरले. पण नवऱ्याचं नाव एक, बायकोचं वेगळं, पोरांची आणखी वेगळी, आणि सगळीच अधूनमधून बदलणारी. माणूस मेला की त्याचे वारस कोण, हे दप्तराला कळेना. म्हणून बापाचं नाव सगळ्या घराला लावायचं. ज्याचं आपलंच नाव कमावलेलं, त्यानेच कमावलेली नावं बांधून फाईलला लावायची. ईस्टमनला वाटत होतं की हे नाही केलं तर पोरांच्या हातून जमीन जाईल. मी त्याला दोष देऊ शकत नाही. उमरेडच्या त्या भावांना मीही हेच सांगितलं, ज्ञानेश्वर लावा अन् मोकळे व्हा.

पण कार्लाइलच्या शाळेचं मला सहन होत नाही. पेनसिल्व्हेनियातली ही मूलनिवासी पोरांसाठीची सरकारी निवासी शाळा, १८७९ ची. पहिल्याच तुकडीत ओटा क्टे नावाचा अकरा-बारा वर्षांचा लाकोटा पोरगा होता. नावाचा अर्थ, पुष्कळांना मारलं. बापाचा पराक्रम पोराच्या नावात. मास्तरणीने फळ्यावर पांढऱ्या खुणा काढल्या आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, यातली एक निवड. त्याला वाचता येत नव्हतं. हातात छडी दिली तेव्हा तो शत्रूला शिवायला निघाल्यासारखा पुढे गेला आणि त्याने एका खुणेला छडी टेकवली. सिटिंग बुलने चौदाव्या वर्षी जे केलं, तेच या पोराने फळ्यासमोर केलं. खूण निघाली ‘ल्यूथर’. ती पट्टीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवली. पुढे तो ल्यूथर स्टँडिंग बेअर म्हणून लेखक झाला आणि हा प्रसंग त्यानेच लिहून ठेवलाय. त्याची पाठ दिसते मला, पट्टी शिवलेली.

नाव बदलण्याला माझा विरोध नाही. मी इंदोऱ्याचा. आमच्या आजोबांचं नाव कचरू, आणि ते दृष्ट चुकवण्यासाठीच ठेवलं होतं की गावातल्या कोणी तसं पुकारलं म्हणून पडलं, हे घरात कोणी सांगितलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते. त्यानंतर आमच्या घरात जन्मलेली पोरं राहुल, आनंद, संघमित्रा. नाव कशाचं आहे, कोणाचं आहे, हे आजोबा मांडीवर घेऊन सांगायचे. ल्यूथर कोण, हे त्या पोराला फळ्यापाशी कोणी सांगितलं? बदल दोन्हीकडे झाला, पण मी दोन्ही एका रकान्यात टाकणार नाही.

यँक्टन डाकोटांची एक लेखिका होती, शाळेतली गर्ट्रूड सिमन्स. तिने मोठेपणी आपलं आपणच नाव घेतलं, झितकाला-शा, लाल पक्षी, आणि त्याच नावाने लिहिलं. अलीकडचं उदाहरण स्टँडिंग रॉकच्या सू टोळीचे अध्यक्ष राहिलेल्या रॉन यांचं. ते सिटिंग बुलच्या वंशातले. आधी आडनाव मॅकनील होतं, ते सोडून त्यांनी ‘हिज हॉर्स इज थंडर’ लावलं, ज्याचा घोडा म्हणजे गडगडाट. आपल्याकडे असतं तर राजपत्रात जाहिरात, जुने नाव, नवे नाव, दोन फोटो. मधलं नाव काय लिहिलं असतं कोण जाणे. आमच्या ऑनलाईन अर्जात तो रकाना रिकामा ठेवला की ‘पुढे जा’चं बटण दाबलंच जात नाही.