भाड्याच्या खोलीतलं मचाण: सांगाडा उभा, पंखा बाद

मचाण, म्हणजे खाली मोकळी जागा सोडून उंचावर केलेला पलंग (लॉफ्ट बेड), उभं राहिलंय आणि मी त्यावर झोपायलाही लागलेय. मागच्या नोंदीत नुसती कागदावरची चित्रं होती, आता लोखंडाबद्दल बोलू.

खोली 10 बाय 12 फूट, उंची साडेदहा फूट. पुण्यात सदाशिव पेठेतली जुनी इमारत, वरचा मजला, खाली शहाबादी फरशी. भाडेकरार अकरा महिन्यांचा, आणि मालकीणकाकूंची अट एकच, "भिंतीला खिळा मारायचा नाही." म्हणजे भिंतीचा आधार गेला. जे काही करायचं ते स्वतःच्या चार पायांवर उभं राहायला हवं, आणि घर सोडताना एका पान्याने खोलून टेम्पोत टाकता यायला हवं.

आधी उंचीचा हिशोब, कारण सगळं त्यावरच ठरतं. खाली मोकळी जागा 74 इंच ठेवली. त्यावर 2 इंची पाईप, पाऊण इंच प्लाय, 4 इंची गादी. म्हणजे गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून पावणेएक्याऐंशी इंचांवर आला आणि वर स्लॅबपर्यंत सव्वापंचेचाळीस इंच उरले. मी बसले की डोकं गादीपासून 34 इंचांवर येतं, त्यामुळे उशीला टेकून आरामात वाचता येतं. खाली ताठ उभं राहता येतं.

नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा हिशोब जसाच्या तसा उचलू नये. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर आहे, म्हणजे जेमतेम 9 फूट, आणि बरेच बिल्डर त्याच्या आसपासच थांबतात. तिथे वर बसायला 36 इंच सोडले तर खाली साडेपाच फूटही उरत नाही. वर ताठ बसायचं की खाली ताठ उभं राहायचं, यातलं एकच मिळतं. माझं मत विचाराल तर वरची बाजू निवडा. खाली टेबल-खुर्ची लावली की माणूस तसाही बसूनच असतो, पण पलंगावर रोज रात्री वाकून चढणं आणि सकाळी स्लॅबला टाळकं आपटणं फार दिवस सहन होत नाही.

सांगाडा 50 बाय 50 मिलिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाईपचा आहे. फॅब्रिकेशनवाल्या दादांचं म्हणणं होतं, "ताई, चाळीसचा पुरे. हत्ती झोपला तरी तुटणार नाही." तुटणार नाही हे खरंच. पण दोन आधारांमधल्या सव्वासहा फुटांच्या अंतरात मधोमध 75 किलोचा माणूस बसला आणि ते वजन दोन पाईपांत वाटलं गेलं, तर पन्नासचा पाईप जेमतेम पावणेदोन मिलिमीटर वाकतो, चाळीसचा त्याच्या दुप्पट. पन्नासचं वजन मीटरला साधारण 3 किलो. रेलिंग आणि आडव्या पट्ट्या धरून सगळा सांगाडा 80 किलोच्या आत बसला. तो पैशांचा फरक मी आनंदाने दिला.

वजन पेलेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. पेलतं हो. रात्री कूस बदलली की अख्खं मचाण डुलतं का, हे कुणी विचारत नाही, आणि लॉफ्ट बेड लोक वर्षभरात विकून टाकतात ते बहुतेक त्या डुलण्यामुळेच. त्यामुळे माझा सगळा जीव जोडांमध्ये गेला.

दोन्ही टोकांच्या फ्रेम वेल्डिंगच्या आहेत. त्यांना जोडणारे लांब पाईप बोल्टने बसतात. लांब पाईपच्या तोंडाला 5 मिलिमीटर जाडीची पट्टी उभी वेल्ड केलीय आणि तिला दोन बोल्ट आहेत, एक पाईपच्या वर, एक खाली. एकच बोल्ट टाकला तर तो जोड बिजागरीसारखा फिरतो. एकावर एक दोन आले की फिरायला वाव राहत नाही. बोल्ट 10 मिलिमीटरचे, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), सगळीकडे 17 नंबरचाच पाना.

आता ज्या गोष्टीसाठी मी दादांच्या डोक्यावर बसले ती. पोकळ पाईपमधून बोल्ट आरपार घालून आवळत गेलं की पाईपच्या भिंती आत चेपतात. वरून बोल्ट घट्ट लागतो, पण आपण लोखंड आवळत नसतो, दाबत असतो. चार महिन्यांनी तोच बोल्ट सैल. यावर उपाय म्हणजे पायाच्या पाईपमध्ये प्रत्येक भोकाच्या जागी आरपार बुश, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो ती छोटी नळी, वेल्ड करून घ्यायचा. मग कितीही ताकद लावून आवळा, ताण बुशवर येतो, पाईप तसाच राहतो. दादांना हे चोचले वाटले. पहिला जोड आवळून दाखवल्यावर बाकीचे बुश त्यांनी न सांगता लावले.

वर्कशॉपमध्ये एकदा मुद्दाम तिरके आधार न लावता सांगाडा उभा केला. वरच्या पाईपला ओळंबा टांगला, खाली कागद ठेवला आणि एका हाताने लांबीच्या दिशेने ढकललं. ओळंब्याचं टोक कागदावर सहज अर्धा इंच हललं. मग भिंतीकडच्या बाजूला 25 बाय 5 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या गुणाकाराच्या चिन्हासारख्या लावल्या. पुन्हा ढकललं तर हालचाल डोळ्यांना दिसेना. पट्ट्या दोन लागतात, कारण पातळ पट्टी ताणाला उत्तम पण दाबाला लगेच वाकते. एकीकडे ढकललं की एक काम करते, दुसरीकडे ढकललं की दुसरी. पुढची बाजू मोकळी हवी होती, म्हणून तिथे कोपऱ्यांत नुसते सहा इंची त्रिकोण आहेत. तिची उरलेली जबाबदारी प्लायवर टाकलीय. प्लाय नुसता ठेवला नाही, सांगाड्याला ठिकठिकाणी स्क्रूने पक्का केलाय, त्यामुळे पुढचा पाईप मागच्या आधारलेल्या बाजूशी बांधला गेला.

रुंदीच्या दिशेने डुलू नये म्हणून भिंत आणि सांगाडा यांच्यामधल्या 2 इंचांत दोन ठिकाणी जाड रबर दाबून बसवलंय. खिळा नाही, स्क्रू नाही. काकूंनी येऊन हात फिरवून पाहिलं. बाकी ती 2 इंचांची फट पावसाळ्यासाठीही लागणार आहे. या भिंतीला ओल येते आणि गादी भिंतीला चिकटली की बुरशी ठरलेली. त्याच कारणाने प्लायला एक इंची भोकं पाडून घेतली.

18 मिलिमीटरचा प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणला. पूर्ण शीट 8 बाय 4 ची असते. त्यातून पलंगाचा 75 बाय 36 चा तुकडा काढला की 36 बाय 21 चा एक आणि 12 इंच रुंद, 8 फूट लांब असा दुसरा उरतो. पहिल्याचं टेबल झालं, दुसऱ्याची खालची फळी. दुकानातच कापून घ्या, त्यांच्या मशीनवर कड सरळ येते. पलंगाचा तुकडाही मधून अर्धा करून घेतला, नाहीतर आमच्या जिन्यातून वर येणं शक्य नव्हतं.

जिन्यावरून आठवलं. टोकाची फ्रेम पावणेआठ फूट उंच, सव्वातीन फूट रुंद. वेल्डिंगला सांगण्याआधी फ्रीजच्या खोक्याचे पुठ्ठे चिकटवून तेवढाच आयत केला आणि शेजारच्या दादाला घेऊन तो जिन्याच्या वळणातून वर नेला. तिरका करून, कठड्यावरून उचलून निघाला. पुठ्ठा अडकला असता तर रेलिंगचा भाग वेगळा, बोल्टचा करावा लागला असता. पेठेत राहणाऱ्यांनी हे जरूर करा. वाड्याच्या जिन्यांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

रेलिंग गादीच्या वर 12 इंच आहे. परदेशी मानकांत बंक बेडला गादीच्या वर किमान 5 ते सव्वासहा इंच सांगतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नका म्हणतात. पण ती उंची गादीच्या पृष्ठभागापासून मोजायची, प्लायपासून नाही. उद्या हौसेने 8 इंची गादी आणली तर माझ्या 12 चे 8 होतील. कापसाची गादी मी त्याच वेळी बाद केली; जाडही असते, आणि उन्हात टाकायला शिडीवरून उतरवायची म्हणजे कुस्तीच.

शिडी टोकाच्या फ्रेममध्येच, उभी. बाहेर तिरकी काढली असती तर दोन फूट जागा गेली असती, आणि चढताना वजनही पायांच्या बाहेर पडलं असतं. नुसता गोल पाईप तळव्याला रुततो, म्हणून प्रत्येक पायरीवर 3 इंच रुंद सागवानी पट्टी बसवलीय. पट्ट्या जुन्या बाजारातल्या, रविवारी सकाळी लवकर गेल्यावर मिळालेल्या, कुठल्यातरी जुन्या चौकटीच्या.

आणि पंखा. यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. छताचा पंखा 48 इंची, खोलीच्या मधोमध. मचाण 10 फुटांच्या भिंतीला लावलंय, म्हणजे पंख्याचा मध्य त्या भिंतीपासून 6 फुटांवर, पात्याचं टोक 4 फुटांवर. मचाणाची कड फटीसकट 3 फूट 5 इंचांवर. मध्ये उरतात 7 इंच. आणि पातं आहे जमिनीपासून साधारण 114 इंचांवर, म्हणजे मी गादीवर बसले की बरोबर डोक्याच्या पातळीत. झोपेत हात बाहेर गेला की संपलं. 24 इंची छोटा पंखा लावला तर अंतर 1 फूट 7 इंच होतं, तेही हातभरच. म्हणून काकूंना विचारून इलेक्ट्रिशियनकडून पंखा उतरवला आणि खोक्यात भरून मचाणाखाली ठेवला. कुणी काहीही म्हणो, लॉफ्ट बेडच्या खोलीत छताचा पंखा ठेवू नये.

त्याऐवजी 12 इंची वॉल फॅन सांगाड्याच्याच उभ्या पाईपला यू-क्लॅम्पने आवळलाय. क्लॅम्प, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी), वायर सगळं तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात, मिळालं. लोखंडी सांगाड्यावरून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला ग्रोमेट हवाच, नाहीतर धारेवर वायर सोलली जाते. सांगाड्याला अर्थिंगही दिलंय. खालच्या टेबलावरचे दिवे 12 व्होल्टचे, अडॅप्टर बाहेर.

उकाडा हा भाग मात्र सुटलेला नाही. वर गच्ची आहे, स्लॅब दिवसभर तापतो. खाली टेबलावर आणि वर उशीशी एकेक थर्मामीटर टांगलाय; एप्रिलच्या रात्री वर दोन-अडीच अंश जास्तच दिसतं. वॉल फॅनने सुसह्य होतं, गार नाही. गच्चीवर पांढरा रंग मारायची परवानगी मागितलीय. डासांचं त्यामानाने सोपं निघालं: रेलिंगचे चारही कोपरे थोडे वर काढून घेतले होते, त्यांना मच्छरदाणी बांधते. छतावरच्या पालीपासूनही तेवढाच आडोसा.

खाली टेबल, कपड्यांचं छोटं कपाट आणि सायकल. एवढंच.

आता उरलेली कामं. शिडीकडच्या वरच्या जोडातून कूस बदलताना कुरकुर येते. बोल्ट घट्ट आहेत, म्हणजे पट्टी आणि पाय एकमेकांवर घासतायत. तिथे नायलॉनचा पातळ वॉशर घालून बघणार. एका पायाखाली फरशी खोल आहे, त्याची उंची जुळवणाऱ्या लेव्हलिंग बोल्टचा चेकनट (बोल्ट फिरू नये म्हणून लावतात तो नट) अजून आवळायचाय. वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) एक हात राहिलाय, तो पावसाच्या आधी मारायलाच हवा. बुशची आणि पट्टीची मापं काढलेला कागद नीट उतरवून पुढच्या नोंदीत टाकते.