अण्णांचं भिंग

अण्णांच्या खिशात पेन नसलं तरी चालतं, भिंग लागतं. पितळी, घडीचं, इंचाच्या चौकटीचं. आमच्या इचलकरंजीत मागावरची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे इंचात आडवे धागे किती बसले यावर. त्यांचं आयुष्य ते मोजण्यातच गेलं.

मी चाकणला एअरबॅगचं कापड तपासतो. ‘गाडीच्या कंपनीत कापड कशाला?’ हे अण्णांचं जुनं कोडं. गेल्या महिन्यात सेकंडहॅंड वॅगन-आर घेऊन घरी गेलो. त्यांनी ना इंजिन बघितलं, ना टायर. आत बसले, सीटबेल्ट ओढला आणि लावायचा सोडून मांडीवर ताणून धरला. भिंग बाहेर!

"पॉलिस्टर. उभा धागा दाबून भरलाय."

"पाच सेंटिमीटरात तीनशेच्या आसपास. दीड टनाच्या ओढीच्या आत तुटता कामा नये."

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. काठ मऊ होता. मानेला घासतो ना तो. "विणकर बरा होता," म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलेलं नाही.

मग मी एअरबॅगचं सांगितलं. नायलॉन सिक्स-सिक्स, कारण ते 250 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही आणि आत शिरणारा गॅस तापलेला असतो. पिशवी फुगायला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग. 2019 पासून ड्रायव्हरची, 2021 पासून शेजारच्याची सक्तीची झाली, तेव्हापासून आमच्या टेबलावरचे ताके वाढतच आहेत.

"आणि धागा तुटलेला निघाला तर?"

"तेवढा तुकडा बाद."

"सेकंडच्या, म्हणजे कमी प्रतीच्या मालातसुद्धा जात नाही?" अण्णांना हे पटेना. शर्टिंगमध्ये धागा चुकला तर फार तर भाव पडतो.

सुझुकीनं 1909 साली मागच बनवायला सुरुवात केली होती, टोयोटाचंही मूळ मागातलंच, हे ऐकल्यावर मात्र ते खुलले. "म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं," म्हणत डिकी उघडायला लावली. तिथल्या गालिच्यावर भिंग टेकवून बराच वेळ वाकून राहिले.

"ह्यात धागाच दिसंना."

"विणलेलं नाहीच ते, अण्णा. काटेरी सुयांनी तंतू एकमेकांत टोचून बसवतात. कधी कधी जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे तंतू."

त्यांनी भिंगाची घडी घातली, खिशात टाकली.

"मग मजुरी कशावर देतात?"