गवार मोडता मोडता मंगळ

दुपारी गवार मोडायला बसले की माझ्या कानात रॉकेट सुटतं. 'एक्स मायनस फाइव्ह, फोर, थ्री...' असं निवेदक घनगंभीर आवाजात उलटं मोजतो, मग कान फुटेल असा घरघराट होतो, आणि पुढचा अर्धा तास मी घरी नसते. अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओवर १९५५ ते १९५८ या काळात 'एक्स मायनस वन' ही विज्ञानकथांची मालिका लागायची. इंटरनेट आर्काइव्हवर तिचे भाग फुकट ऐकता येतात. खरखर काढून साफसूफ केलेल्या प्रतीही मिळतात म्हणे, पण मला खरखरीचीच लागते. तिच्याशिवाय अंतराळ अगदी शेजारच्या इमारतीत असल्यासारखं वाटतं. घरातले सांगतात, दीडपट वेगाने लाव. मंगळावर पोचायची मला कसली घाई?

या नाटकांत माणसं उठसूट अवकाशात जाऊन येत. मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह खरोखरच वर गेला, आणि तीन महिन्यांनी, जानेवारी १९५८ मध्ये, मालिका संपली. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. टीव्हीमुळे रेडिओ नाटकांचे दिवस तसेही भरतच आले होते.

मला रॉकेटपेक्षा स्वयंपाकघरातल्या गोष्टी आवडतात. रे ब्रॅडबरीच्या कथेवरचा 'झीरो अवर' ऐका. मिंक नावाची छोटी मुलगी पळत घरात येते, भांडी-चमचे गोळा करते, आईने हटकलं तर 'खेळायला हवंय' म्हणते, की पुन्हा बाहेर. खेळाचं नाव 'आक्रमण'. खेळ शिकवणारा ड्रिल नावाचा कोणीतरी आहे, तो कोणालाच दिसत नाही. आई हसते, आपल्या कामाला लागते.

आम्हीही भातुकलीसाठी आजीची पळी, सराटा, एकदा तर चहाची गाळणीसुद्धा पळवली होती. आजी परसात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, "काय गं, आज कोणाचं लग्न?" बाहुलीचं, म्हटलं की ती सराटा तेवढा परत न्यायची, कारण थालीपीठ तव्यावर असायचं. पळी आमच्याकडेच राहायची. तिला वेगळी शंका कधी आली नाही.

परवा भाची राहायला आली होती. मोठा डाव आणि पक्कड मागायला आली.

"कोणाबरोबर खेळतेयस?"

"एकटीच."

डाव दिला. पक्कड काही दिली नाही.